अंगणातले खेळ आणि हातची खेळणी: पुण्यातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

बालवाडीत शिकवताना आणि सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत शेजारच्या मुलांबरोबर खेळताना आई-बाबा, आजी-आजोबा जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुलं साधारण दोन ते सात वर्षांची धरली आहेत. उत्तरं पुण्याची हवा, इथली झाडं आणि इथल्या सोसायट्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

सुरुवात करायला काय काय विकत आणावं लागेल?

जवळजवळ काहीच नाही. एक टोपली, सुतळीचा गुंडा, बोथट टोकाची कात्री, कणकेची खळ, जुना रंगाचा ब्रश आणि खडू एवढं पुरतं. छोट्या टोपल्या आणि सुपल्या बुरुड आळीत मिळतात. मुलांना त्या प्लास्टिकच्या बादलीपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यातून माती चाळता येते. बाकीचं घरातच असतं: करवंट्या, रिकामे डबे, अंड्यांचे ट्रे, जुनी ओढणी.

तयार किट आणू नका, असं मी आग्रहाने सांगते. शेवटी काय दिसायला हवं याचं चित्र किटच्या खोक्यावर आधीच छापलेलं असतं आणि मूल ते चित्र गाठायच्या मागे लागतं. करवंटीवर असं चित्र नसतं. तिची कढई होते, कासव होतं, दोन करवंट्या एकमेकींवर आपटल्या की घोडा दौडायला लागतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, पानं, बिया आणि खडे वापरले. आणि पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचं काम वर्षानुवर्षं केलं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या कृती मराठीतूनही मोफत उपलब्ध आहेत. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी त्या जरूर पाहा.

बिया, खडे, मणी तोंडात घातले तर?

तीन वर्षांखालची मुलं घालणारच, असं धरून चाला. टिश्यू पेपरच्या रोलची रिकामी नळी घ्या. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते, ती या वयाच्या मुलाच्या हातात द्यायची नाही. चिंचोके, सागरगोटे, शेंगदाणे, मणी सगळे यात आले. त्यांना मोठी पानं, करवंट्या, मक्याची कणसं, मोठे गोटे द्या. मोठ्या भावंडाचे चिंचोके वेगळ्या डब्यात, झाकण लावून.

पहिल्या दिवशी काय करायचं? अगदी सोपं सांगा.

पाण्याने चित्र. तांब्याभर पाणी, ब्रश आणि उन्हात तापलेली फरशी किंवा कंपाऊंडची भिंत. मूल रेघ ओढतं आणि बघता बघता ती वाळून जाते. मग पुन्हा ओढायची. डाग पडत नाहीत, वॉचमनकाका ओरडत नाहीत आणि दोन वर्षांचं मूलसुद्धा यात रमतं.

दुसरा खेळ सावलीचा. सकाळी आठला मुलाला एका जागी उभं करा आणि त्याची सावली खडूने आखा. पावलांच्या खुणाही आखा, म्हणजे नंतर त्याच जागी उभं राहता येईल. दहाला पुन्हा. सावली आखूड झाली आणि सरकलीसुद्धा, हे मूल स्वतः सांगतं. आपण सांगायची घाई करायची नाही.

हा खेळ मे महिन्यात विशेष रंगतो. पुण्यात वर्षातून दोनदा, १३ मेच्या आसपास आणि जुलैच्या अखेरीला, सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात, म्हणून मे धरावा. साडेबाराच्या सुमाराला अंगणात सरळ उभा ठेवलेला डबा पाहा: त्याची सावली बाहेर पडतच नाही. बाराला न होता साडेबाराला का, हे सहा-सात वर्षांची मुलं हमखास विचारतात. आपली घड्याळं पुण्याच्या बरीच पूर्वेला असलेल्या ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर यायला सुमारे अर्धा तास जास्त लागतो. ऊन कडक असतं, तेव्हा टोपी घालून पाच मिनिटांत बघा आणि आत या.

पानाफुलांची खेळणी कोणकोणती करता येतात?

यावर लिहावं तेवढं थोडं. पुण्याच्या रस्त्यांवरची झाडं खेळण्यांनी लगडलेली असतात, फक्त ऋतू माहीत हवा.

गुलमोहर एप्रिल-मेमध्ये फुलतो. खाली पडलेल्या फुलांची निदलं, म्हणजे पाकळ्यांखालची जाडसर पानं, सोलून नखांवर चिकटवली की लांबच लांब लाल-हिरवी नखं तयार. कळी उघडून आतले पुंकेसर काढा, दोघांनी एकेक धरून त्यांची टोकं एकमेकांत अडकवा आणि ओढा. ज्याच्या पुंकेसराचं डोकं तुटेल तो हरला. चार वर्षांच्या मुलालाही हा खेळ जमतो, आणि इवल्याशा गोष्टीला चिमटीत अलगद धरायचा सराव आपोआप होतो. पुढे पेन्सिल धरताना हीच चिमूट कामाला येते.

पिचकारीच्या झाडाच्या बंद कळ्यांमध्ये पाणी भरलेलं असतं. टोक दाबलं की चिळकांडी उडते. त्या पाण्याचे डाग पडतात, म्हणून जुने कपडे घाला आणि डोळ्यांवर नेम धरायचा नाही हे आधीच ठरवा.

नारळाच्या झावळीची एक पाती घेतली की मनगटावरचं घड्याळ होतं, भिरभिरं होतं, पिपाणी होते. घड्याळ सगळ्यात सोपं: पाती मनगटाभोवती गुंडाळायची, एक टोक दुसऱ्यात खोचायचं, वर चौकोनी घडी. काटे मूल स्वतः काढेल आणि त्यात नेहमी खेळायचीच वेळ झालेली असेल. पाती मिळाली नाही तर कागदाचं भिरभिरं करा. साधारण १५ सेंटिमीटरचा चौरस घ्या, चारही कोपऱ्यांतून मध्याकडे दोन तृतीयांश अंतरापर्यंत कापा, एकाआड एक टोक मध्यावर आणा आणि टाचणीने काठीला टोचा. टाचणी आणि काठी यांच्यामध्ये एक मणी घातला नाही तर ते फिरत नाही, नुसतं फडफडतं. टोचायचं काम मोठ्यांचं, आणि टाचणीचं टोक बाहेर आलं तर वाकवून टाका.

पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या कोयी रुजायला लागतात. रुजलेली कोय घ्या, वरचं टणक कवच काढा आणि आतल्या बीचं एक टोक खडबडीत दगडावर तिरकं घासा. दोन दलांमधली फट उघडी पडली की त्यात फुंकायचं. पहिले काही प्रयत्न नुसती हवा जाते, मग अचानक असा आवाज निघतो की सगळी सोसायटी खिडकीत येते. चिकाने काहींच्या ओठांना खाज सुटते, म्हणून आधी बी नीट धुऊन घ्या.

रंग हवे असतील तर जास्वंदीची पाकळी पांढऱ्या कागदावर घासा. जांभळट-निळा रंग उमटतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाचं पाणी शिंपडलं की लाल ठिपके उठतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लालभडक होतो. ही तिन्ही एका सकाळी दाखवू नका. एकेक रंग चांगला आठवडाभर पुरतो.

चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे केले की फासे होतात. किती पांढरे वर पडले, तितकी घरं पुढे. जमिनीवर खडूने पट आखा, सोंगट्या म्हणून मुलांनाच उभं करा.

कोणती झाडं टाळायची?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. हिच्या बिया घेऊन आपल्या आज्या बिट्ट्या खेळल्या, पण बी आणि चीक दोन्ही विषारी आहेत आणि हृदयावर परिणाम करतात. लहान मुलांना त्या देऊ नका. तोच खेळ खड्यांनी खेळता येतो. लाल-गुलाबी कण्हेरही तशीच. गुंज दिसायला इतकी सुंदर की मूल ती उचलणारच, पण बी चावली गेली तर जीवघेणी ठरू शकते. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची फळं, घाणेरीची हिरवी फळं यांपासून लांब. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. आपल्या टेकड्यांवर भरमसाट लावलेल्या गिरिपुष्पाला उंदीरमारी म्हणतात, ते त्याच्या विषामुळेच. त्याच्या वाळक्या शेंगा फटकन उकलताना ऐकायला मजा येते, पण बिया गोळा करायच्या नाहीत.

आणि गाजरगवत. भारतात त्याच्याकडे प्रथम लक्ष गेलं ते १९५५च्या सुमाराला, पुण्यातच. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, काहींना दम लागतो. पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे दिसले की मुलांना तिथे बसवू नका.

ओळख पटत नसेल तर ते पान किंवा बी खेळात घ्यायची नाही, एवढा एक नियम घरात पाळा. मुलांना तो समजतो. बी तोंडात गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता, उरलेलं बी-पान बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. माती आणायची कुठून?

जुना टब किंवा पसरट घमेलं आणि पाच-सहा किलो माती. नर्सरीतली लाल माती चालते, फक्त खत घातलेली घेऊ नका. शाडू हवा असेल तर कसब्यातल्या कुंभारवाड्यात मिळतो. शाडू ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला की बरेच दिवस मऊ राहतो. सुकला तर कुटून पाण्यात भिजत घाला, पुन्हा तयार. टबाखाली जुनं पोतं अंथरा, म्हणजे फरशीचा प्रश्न मिटतो.

कमिटीकडून परवानगी मागताना "मुलांना चिखलात खेळू द्या" असं म्हणू नका. "रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा, पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात, नंतर आम्ही धुऊन देऊ," असं सांगा. वेळ, जागा आणि झाडू कोण मारणार हे ठरलं की बहुतेक ठिकाणी होकार येतो. आणि झाडू मुलांच्याही हातात द्या. त्यांना धुणं हा खेळाचाच भाग वाटतो.

दिवाळीचा किल्ला तीन-चार वर्षांच्या मुलांना जमतो का?

जमतो, जर मोठ्यांनी तो हिसकावून घेतला नाही तर. बाबा आणि काका मिळून हुबेहूब राजगड उभा करतात आणि मूल बाजूला उभं राहून "हात लावू नकोस" ऐकतं, हे दर दिवाळीत दिसतं. मला त्याचं फार वाईट वाटतं. किल्ला स्पर्धेचा असेल तर तो वेगळा करा. मुलाचा किल्ला मुलाचा.

आकार लहान ठेवा, मुलाच्या कमरेएवढा. वसुबारसेच्या आठवडाभर आधी विटा-दगडांचा ढीग रचा. हे काम मोठ्यांचं, कारण पडून राहिलेल्या विटांखाली विंचू असू शकतो. प्रत्येक वीट काठीने हलवून मगच उचला. ढिगावर चिखलात बुडवलेलं तागाचं पोतं टाका. प्लास्टिकचं पोतं नको, त्यावरून माती घसरते. इथून पुढे सगळं मुलांचं. तीन वर्षांचं मूल पोत्यावर चिखल थापेल. चार वर्षांचं माती चाळेल आणि पायऱ्या दाबेल. सहा वर्षांच्याला तटबंदी, बुरूज, दिंडी दरवाजा हवा असतो. तो तासन्‌तास तिथेच बसेल.

हिरवळीसाठी अळीव. भिजला की तो बुळबुळीत होतो आणि उभ्या कड्यालाही चिकटून राहतो. मोहरी घरंगळून खाली येते. पेरून वर बारीक माती भुरभुरा आणि दिवसातून दोन-तीनदा हाताने पाणी शिंपडा. झारीच्या धारेने कडा खचतो. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, म्हणून दिवाळीच्या पाच दिवस आधी पेरलं की महाराज सिंहासनावर बसेपर्यंत डोंगर हिरवा होतो. मावळे कुंभारवाड्यातून आणा, पण निदान दोन मावळे शाडूचे, मुलाने स्वतः केलेले असू द्या. त्यांना नाक नसेल, हात तीन असतील. ते पहाऱ्यावर पुढेच उभे करा.

किल्ला बांधायच्या आधी किंवा नंतर एकदा सिंहगडावर जाऊन या. माची, बुरूज, टाकं हे शब्द पायाखाली आले की पुढच्या वर्षीचा किल्ला मूलच आखतं.

पावसाळ्यात काय?

होड्या, चिखलाचे लाडू, डबक्यात उड्या आणि साबणाचे फुगे. पावसाळी हवेत फुगे जास्त टिकतात, कारण पाण्याचा पातळ पापुद्रा दमट हवेत लवकर सुकत नाही. एक वाटी भांडी घासायचं लिक्विड, सहा वाट्या पाणी, दोन चमचे साखर, आणि मिश्रण रात्रभर झाकून ठेवा. फुंकायला पपईच्या पानाचा पोकळ देठ चांगला, फक्त त्याचा चीक आधी धुऊन काढा. लहान मूल फुंकण्याऐवजी ओढतं, त्याला देठ न देता सुतळीची कडी द्या आणि ती हवेत फिरवायला शिकवा.

डबक्यात उतरण्याआधी काठीने खोली बघा, आणि रस्त्यावरचं गटाराचं पाणी मिसळलेलं डबकं नको. जोराचा पाऊस, वीज, तर सरळ घरात. आणखी एक: खेळून झालं की टब, करवंट्या, डबे सगळे उपडे करा. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतात आणि आठवड्या-दहा दिवसांत डास तयार होतो. एक करवंटीभर पाणीही त्यांना पुरतं.

आजी म्हणतात मातीत खेळून जंत होतात. खरं आहे का?

आजींचं म्हणणं बरोबर आहे. जिथे माणसांची किंवा कुत्र्या-मांजरांची घाण पडते त्या मातीतून जंतांचा प्रादुर्भाव होऊ शकतो. म्हणून माती कुठली हे बघा, टब रात्री झाकून ठेवा, पायांत चप्पल, नखं कापलेली, आणि खेळून झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात. अंगणवाड्यांमध्ये आणि शाळांमध्ये जंतनाशक गोळी दिली जाते, ती चुकवू नका. एवढं केलं की आजींनाच टबाशेजारी खुर्ची टाकून बसवा. भातुकलीत चिखलाची पुरणपोळी कशी लाटायची ते त्यांच्याइतकं कुणालाच येत नाही.

आमचं मूल पाच मिनिटांत कंटाळतं आणि मोबाइल मागतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं कठीण असतात, हे मान्य करून बसा. मूल इकडेतिकडे फिरतं, "काय करू?" विचारतं. त्या वेळी नवा खेळ सुचवायचा मोह आवरा. तुमचा मोबाइल घरात ठेवा, खाली मातीत बसा आणि स्वतः काहीतरी करायला लागा: खड्यांची रांग लावा, काडीने भोक पाडा. थोड्या वेळात मूल शेजारी येतं. एका वेळी दोन-तीनच वस्तू पुढे ठेवा. टोपलीभर साहित्य समोर ओतलं की मूल सगळ्याला हात लावतं आणि कशातच रमत नाही.

त्याचं वेडंवाकडं होतं, पडतं, मग तो रडतो. मी करून देऊ का?

करून देऊ नका, पण जवळ बसा. मनोरा पडला तर "कुठून पडला रे?" असं विचारा. सुतळीची गाठ बसत नसेल तर तुम्ही दोरी धरा आणि गाठ त्याला मारू दे. मुलाच्या मातीच्या हत्तीला आपण सोंड नीट करून दिली की तो हत्ती आपला होतो, आणि पुढच्या वेळी मूल गोळा आपल्यापुढे धरून म्हणतं, "तूच कर." हे मी इतक्या मुलांच्या बाबतीत पाहिलं आहे की आता मी हात पाठीमागे बांधूनच उभी राहते. काय केलंस असं न विचारता "मला दाखव ना" म्हणा. हत्ती म्हणून सुरू झालेली गोष्ट मध्येच विहीर झालेली असते आणि त्यालाही ते नुकतंच कळलेलं असतं.

संक्रांतीला लहान मुलांना पतंग द्यावा का?

वहीच्या कागदाचा छोटा पतंग, लांब शेपूट आणि शिवणाचा साधा सुती दोरा. मोकळ्या मैदानात, गच्चीवर नाही. नायलॉनच्या मांज्यावर बंदी आहे आणि त्याने पक्षी मरतात, माणसांचे गळे चिरतात. तो घरात येऊच देऊ नका.

पुण्यात मुलांना कुठे न्यावं?

तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, यांतली घराजवळची कोणतीही. उन्हाळ्यात दहाच्या आत परत या, हिवाळ्यात सकाळी ऊन वर आल्यावर निघा. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणींत पाणी साचतं, तिथे मुलाचा हात सोडू नका. खाली पडलेलंच उचलायचं, झाडावरचं तोडायचं नाही, आणि एका मुलाने एका टोपलीपेक्षा जास्त आणायचं नाही. बी-बियाणं तिथल्या पाखरांचंही आहे.

मोठी झाडं जवळून बघायची तर एम्प्रेस गार्डन. तिथली गारंबीची महावेल पाहिली की मुलांना राक्षसाच्या गोष्टी आपोआप सुचतात. रविवारी गर्दी असते, जमलं तर मधल्या वारी जा.

केलेल्या वस्तू किती दिवस ठेवायच्या? घर भरून जातं.

पानाफुलांच्या वस्तू त्याच दिवशी कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये. शाडूचे प्राणी मुलाला विचारून बादलीत विरघळवा. विरघळताना बघणं हा एक वेगळाच खेळ आहे. बिया, काड्या, करवंट्या वाळवून टोपलीत परत ठेवा. किल्ल्याची माती झाडांना घाला. एक-दोन गोष्टी मुलालाच निवडू द्या आणि खिडकीत ठेवा. तुम्हाला जी सगळ्यात सुबक वाटते ती तो बहुधा निवडणार नाही. त्याने निवडलेलीच ठेवा.